होईलकरची जाड तार

त्याला सगळे होईलकर म्हणत. हे काही त्याचं आडनाव नव्हे. माणसाची उभी हयात कापडाच्या दुकानात गेली, आणि तिथे गिऱ्हाइकाने काहीही विचारलं तरी त्याच्या तोंडून एकच उत्तर निघायचं, "होईल की!" एवढ्या कापडात दोन पडदे होतील का? होतील की. धुतल्यावर रंग राहील का? राहील की. संध्याकाळपर्यंत काठ शिवून मिळेल का? होईल की, त्यात काय! दुकानातला शिंपी बिचारा आत मशीनवर कपाळ बडवून घ्यायचा. त्यानेच एक दिवस चिडून 'ओ होईलकर!' अशी हाक मारली, आणि ती हाक अशी चिकटली की घरी बायकोही रागावली की त्याच नावाने बोलवायची.

दुसरी एक खोड होती त्याला. कापड मोजताना हात सैल. मीटरमागे चार बोटं जास्त सोडायचा. मालक तोंडावर शिव्या घालायचा आणि पाठीमागे खूश असायचा, कारण त्या चार बोटांसाठी बायका लांबून लांबून त्याच दुकानात यायच्या. जास्त दिलं की माणसाचं तोंड कसं उजळतं, हे बघण्यासाठीच होईलकर दुकानात जात होता म्हणा ना.

मग मालक गेला, मुलांनी दुकान मोडलं, आणि पन्नाशीला टेकलेला होईलकर घरी बसला. बसला म्हणजे काय, बसवेना. सकाळी आंघोळ करून, शर्ट इस्त्री करून तयार व्हायचा आणि जायला ठिकाण नाही. गॅलरीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून गॅलरीत. बायको एका दवाखान्यात कामाला होती. ती निघताना म्हणायची, "अहो, काहीतरी शिका तरी. नाहीतर एक दिवस मी येईन आणि फरशी झिजलेली असेल."

शिकायला गेला. आधी मोबाईल दुरुस्तीचा कोर्स घेतला. तिथले स्क्रू मोहरीपेक्षा लहान. एक खाली पडला की अर्धा वर्ग गुडघ्यांवर. तो सोडला. मग एसी दुरुस्तीचा घेतला. तिथे पाठीने राम म्हटला. भिंतींवर, खांबांवर, बसथांब्यांवर कोर्सच्या जाहिरातींना तोटा नव्हता, आणि प्रत्येक जाहिरातीत कानापर्यंत हसणारा कोणीतरी हेल्मेट घालून उभा. शेवटी होईलकर घरगुती वायरिंगच्या कोर्सला जाऊन थांबला.

टायरच्या दुकानावर दोन खोल्या, त्यांचं नाव इंटरनॅशनल अकादमी. इंटरनॅशनल म्हणायचं कारण एकच, भिंतीवर जगाचा नकाशा होता, आणि तोही ओल झाकायला. मोठ्या खोलीत प्लायवूडचे आडोसे घातलेले. प्रत्येकाला एक आडोसा, त्यालाच 'घर' म्हणायचं. त्या घरात एक दिवा, एक पंखा, एक प्लग, बाहेर एक फ्यूज. विद्यार्थी चहाला गेले की शिकवणाऱ्या मॅडम गुपचूप प्रत्येकाच्या घरात एक दोष करून ठेवायच्या. कुठे तार सैल, कुठे स्विच उलटा. परत येऊन तो शोधायचा.

मॅडम म्हणजे वाळलेली मिरची. आयुष्यभर इमारतींवर वायरिंग केलेली बाई, आवाज खरखरीत, खिशात टेस्टर. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "इथं चुकलात तर मी ओरडेन. बाहेर चुकलात तर ओरडायलाही कोणी राहणार नाही." आणि फ्यूजमध्ये केसाएवढी तार बसवून दाखवत म्हणाल्या, "ही घरातली सगळ्यात नाजूक. मुद्दाम नाजूक ठेवायची. भार वाढला की आधी हिने जळायचं, म्हणजे भिंतीतली तार वाचते, घर वाचतं. नाकापेक्षा मोती जड झाला तर कोणी ओरडायचं? हिनं."

होईलकरचा हात त्यांना आवडला होता. कापड कापलेला हात, रेघ वाकडी जायची नाही. पण एकदा त्यांनी वर्गात नाटक करून घेतलं. स्वतः गिऱ्हाईक झाल्या आणि होईलकरला विचारलं, "अहो इलेक्ट्रिशियन, या जुन्या प्लगवरूनच गिझरला पॉइंट काढून द्या की."

होईलकरची मान आपोआप तिरकी झाली, चेहऱ्यावर दुकानातलं हसू आलं. "होईल..."

सगळा वर्ग खो खो हसला. शेजारच्या आडोशातला ड्रायव्हर तर, पूर्वी ट्रक चालवायचा तो, पोट धरून बसला. मॅडम हसल्या नाहीत.

"हात चांगला आहे तुमचा," त्या म्हणाल्या, "पण जीभ घात करणार. उचलली जीभ, लावली टाळ्याला! आमच्या धंद्यात 'नाही' म्हणता येत नसेल तर पक्कड हातात घेऊ नये."

होईलकरने मान डोलावली. मान डोलवायला काय जातं!

आता त्याच्या ताईबद्दल सांगायला हवं. आई गेली तेव्हा हा लहान, ताई शाळेत. तिने दप्तर खुंटीला लावलं आणि पोळपाट हातात घेतला. याला वाढवलं, शिकवलं, दुकानात चिकटवलं, मुलगी बघून लग्न लावलं. होईलकरने जन्मात ताईला 'नाही' म्हटलं नव्हतं. ताटात वाढलं ते खाल्लं. तिने विणलेला स्वेटर घालून भर उन्हात लग्नाला गेला. ती म्हणाली ही मुलगी, हा म्हणाला होय, आणि नशीब बलवत्तर म्हणून बायकोही चांगली निघाली.

ताईचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती एकटी राहायची, शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका बैठ्या जुन्या घरात. केक आणि पाव करून ओळखीपाळखीत द्यायची. तिच्या हाताला चवच तशी. या वर्षी एका मोठ्या ऑफिसच्या कँटीनचं काम तिला मिळालं. नाक्यावरच्या बेकरीवाल्याचं होतं ते काम, त्याच्या हातून काढून तिला दिलं. ताईचे पाय जमिनीवर ठरेनात. तिने मोठा इलेक्ट्रिक ओव्हन आणला, सेकंडहँड, कपाटाएवढा, आणि भावाला फोन केला.

"तू शिकतोयस ना रे ते? मग ये आणि याला लाईट दे. बाहेरचा माणूस कशाला?"

होईलकर गेला. बघितलं तर स्वयंपाकघरात एकच प्लग, जुन्या काळचा, मिक्सरपुरता. भिंतीतली तार बारीक. एवढ्या ओव्हनला मीटरपासून नवी जाड लाईन ओढायला हवी, हे त्याला दिसत होतं. शिकवलंच होतं. पण ताई पदराला हात पुसत समोर उभी. डोळ्यांत असा आनंद की याला तो मोडवेना.

"होईल ना रे? परवा पहिली ऑर्डर आहे."

"होईल की!" होईलकर म्हणाला.

जुन्या प्लगच्या मागून त्याने तार काढली, कपाटाच्या पाठीमागे जोड दिला, ओव्हनला नवा कोरा प्लग बसवला. काम इतकं सुबक की बघत राहावं. ताईने ओव्हन लावला, तो तापायला लागला, आणि फट् करून बाहेरचा फ्यूज उडाला. ताईचा चेहरा उतरला. त्या उतरलेल्या चेहऱ्याकडे होईलकरला बघवेना. तो बाहेर गेला, ओसरीवरच्या मीटरजवळचा फ्यूज काढला, आणि त्यात जरा जाड तार घातली.

मीटरमागे चार बोटं. तीच ती खोड.

ओव्हन चालला. ताईने पहिला केक त्यालाच कापून दिला. "चार दिवसांचा प्रश्न आहे," त्याने स्वतःला सांगितलं. "परीक्षा झाली की येऊन नवी लाईन ओढतो." ताईला मात्र यातलं काही सांगितलं नाही. कशाला बिचारीला घोर!

तिला घोर नव्हता, पण खाई त्याला खवखवे. दुसऱ्या दिवसापासून होईलकरला चैन पडेना. बसला की पाय हलायचा. वर्गात कुठल्याही घरात फ्यूज बघितला की हा नजर वळवायचा. शेजारी कोणाकडे काही करपलं की हा ताडकन उठून गॅलरीत. घरातले सगळे स्विचबोर्ड त्याने उघडून बघितले, परत लावले, परत उघडले. बायको म्हणाली, "अहो, एक तरी झाकण जागेवर राहू द्या. घर आहे की डॉक्टरने पोट फाडून ठेवलेला पेशंट?"

ताईला रोज फोन. "ताई, प्लग गरम लागतो का गं हाताला?"

"ओव्हनचा प्लग गरम नाही लागणार तर काय गार लागणार?" ताई म्हणायची. "आणि काय रे, रोज ओव्हनची तब्येत विचारतोस. बहिणीची विचार कधी!"

तो हसायचा. फोन ठेवला की पुन्हा खोलीत येरझाऱ्या. जाऊन तार काढावी? मग तिची ऑर्डर? सांगावं? काय सांगावं, की तुझा भाऊ शिकलेलं विसरला? नाही, विसरला असता तर बरं. विसरला नव्हता, हेच तर खुपत होतं. मॅडमना विचारावं म्हणून एकदा थांबला वर्ग सुटल्यावर. त्या म्हणाल्या, "काय हो?" आणि हा म्हणाला, "काही नाही. परीक्षा कधीय ते विचारत होतो." तारीख फळ्यावर लिहिलेली होती.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले, कोट घातलेले, गप्प. होईलकरच्या सगळ्या आशा त्या दिवसावर होत्या. पास झाला की एका बांधकाम कंपनीत मॅडम शब्द टाकणार होत्या. नापास झाला, गैरहजर राहिला, तर पुढची बॅच संपेपर्यंत थांबा. बायकोने सकाळी शर्ट स्वतः इस्त्री करून दिला होता. दारापर्यंत सोडायला आली होती.

प्रत्येक घरात मॅडमनी दोष ठेवले होते. "शोधा, दुरुस्त करा, परीक्षकांना सांगा काय होतं ते."

होईलकरने पद्धतशीर सुरुवात केली. दिवा ठीक. पंखा ठीक. प्लग उघडला, ठीक. मग त्याने फ्यूज बाहेर ओढला आणि उजेडात धरला.

त्यात जाड तार होती.

हा दोष मॅडम दर बॅचला कोणा ना कोणाच्या घरात ठेवत. कारण बाहेरच्या जगात निम्मे लोक हेच करतात. होईलकरला मात्र वाटलं की आपल्याला पकडलं. चोराच्या मनात चांदणं!

परीक्षक पुढे आले. "सापडला दोष?"

"सापडला."

"काय आहे?"

"मी केलाय," होईलकर म्हणाला.

परीक्षकांनी चष्मा वर केला. "तुम्ही केला नाही हो, मॅडमनी केलाय. काय आहे तो सांगा."

"तार जाड आहे. भिंतीतली जळली तरी ही जळणार नाही." एवढं बोलून त्याने पक्कड खाली ठेवली. आज कँटीनची ऑर्डर होती. मोठी. ताईने काल सांगितलं होतं, सकाळपासून ओव्हन बंद होणार नाही म्हणून. "मला जायला हवं."

"अजून वायरिंगचा पाइप वाकवायचा बाकी आहे तुमचा!" मॅडम दारातून ओरडल्या. "होईलकर! गेलात तर गैरहजर लावावं लागेल मला!"

"लावा," होईलकर म्हणाला. आता या माणसाने कुणाला कधी असं तोडून उत्तर दिलं नव्हतं. तो जिना उतरला तोवर ड्रायव्हर आडोशातून मान काढून विचारतच होता, "अरे, काय झालं? कुठं निघाला हा?"

रस्त्यावर येऊन त्याने फोन लावला. ताईने उचलला. मागे मिक्सर घरघरत होता.

"ताई, ओव्हन बंद कर."

"काय? अरे ऐकू येत नाही. फेटतेय मी, नंतर बोल!" फोन बंद. परत लावला, उचलला नाही. परत लावला. वाजत राहिला.

बस मिळाली, पण ती बस कसली, गोगलगाय. प्रत्येक थांब्यावर कोणीतरी पिशव्यांसकट चढायचं आणि सुट्टे शोधायचं. होईलकर जागा असून उभा राहिला. लांबून कुठे धूर दिसला की खिडकीतून वाकून बघायचा. एके ठिकाणी कचरा जळत होता, एके ठिकाणी कोणी चुलीवर डांबर तापवत होतं. आग लागायचीच तर जगात आज कुठेही लागो, तिच्याकडे नको. शेवटचा रस्ता तो पळाला. पन्नाशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, पळताना बघून कुत्रीही मागे लागली.

घर उभं होतं. खिडकीतून केकचा वास येत होता, गोड, दाट, काही झालंच नाही असा. होईलकर ओसरीवर खांबाला धरून धापा टाकत राहिला. मग त्याने मेन स्विच खाली केला, फ्यूज ओढून काढला आणि खिशात टाकला.

आत मिक्सर थांबला. ताई दारात आली. हाताला पीठ, केसाला पीठ.

"अगंबाई, तू? आणि लाईट गेली वाटतं. आत्ताच जायची होती मेली!"

बघा, तिने स्वतःच्या हाताने त्याला वाट काढून दिली होती. लाईट गेली. एवढंच म्हणायचं होतं, हो गं, लाईट गेली. कोणाचा दोष नाही, कोणावर राग नाही. मग हळूच तार बदलायची, म्हणायचं ओव्हनच बिघडला, नवी लाईन लागेल. होईलकरच्या जिभेवर ते सगळं तयार होतं. गिऱ्हाईक नाराज न करता माल परत घ्यायची शंभर वाक्यं त्याला पाठ होती. समोरच्या घरात पंखा फिरत होता, पण ताईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती भोळेपणी त्याच्याकडेच बघत होती.

"लाईट गेली नाही," होईलकर म्हणाला. "मी काढलीय."

"का रे?"

"ताई, मी चुकीचं काम करून दिलं तुला. तुझा ओव्हन या तारेवर चालायला नको. मला तेव्हाच माहीत होतं. मी होईल म्हणालो, ते होणार नव्हतं."

ताईला आधी कळलंच नाही. मग तिने आत ओव्हनकडे बघितलं. आत केक होते, अर्धे फुगलेले. "बरं, बरं. हे एवढे होऊ दे. दुपारी ऑर्डर जाऊ दे, मग काय करायचं ते कर."

"नाही."

"अरे अर्ध्या तासाचा प्रश्न आहे!"

"नाही, ताई."

तिने त्याला हाताला धरून आत नेलं, प्लगपाशी उभं केलं. "उघड. दाखव मला काय झालंय ते."

होईलकरने प्लग उघडला. आत तार स्वच्छ, स्क्रू चकचकीत, कुठे काळा डाग नाही. बसवला त्या दिवशी होता तसा. कपाटामागचा जोड दिसत नव्हता, आणि भिंतीत काय चाललंय ते तर कोणालाच दिसत नाही. दाखवायला त्याच्याकडे काहीही नव्हतं.

"नवा कोरा आहे की!" ताई म्हणाली. आता तिचा आवाज चढला. "इतके दिवस चालला, आज काय धाड भरली? तुझं डोकं फिरलंय. कँटीनवाले पहिल्या चुकीला काम काढून घेतील, ठाऊक आहे ना? तो नाक्यावरचा बेकरीवाला टपूनच बसलाय."

"त्याच्याकडे ओव्हन आहे. मी जातो, पाया पडतो त्याच्या, हे भाजून..."

"खबरदार! ज्याचं काम मी घेतलं त्याच्या दारात जाऊ?" ताईने हात पुढे केला. "फ्यूज दे."

होईलकरने खिशावर हात ठेवला.

"दे म्हणते ना."

"नाही देणार."

"मला नाही म्हणतोस?" हात तिने तसाच पुढे धरला होता. "तुझ्यासाठी शाळा सोडली मी. तुला ताप आला की रात्रभर मांडीवर घेऊन बसायची. कधी काही मागितलं का रे तुझ्याकडे? आज पहिल्यांदा माझं स्वतःचं काहीतरी उभं राहतंय, आणि तू..."

त्यातलं अक्षर अन् अक्षर खरं होतं. होईलकरला वाटलं, द्यावा फ्यूज आणि पळून जावं. अर्ध्या तासात काही होणार नाही कदाचित. कदाचित वर्षभरही होणार नाही. डोळे भरून आले त्याचे. हात मात्र खिशावरून हलला नाही.

"तू एकटी असतेस इथे, ताई," तो म्हणाला. "तुला काही झालं तर मी काय करू?"

तिने त्याला दाराबाहेर काढलं आणि आतून कडी घातली.

होईलकर पायरीवर बसला. उठला. फाटकापर्यंत गेला, परत आला, परत बसला. ड्रायव्हरचा फोन आला. तो पास झाला होता, मागे पोरांचा कल्ला चालला होता. "तू कुठं आहेस? मॅडम विचारतायत. सकाळी सगळ्यात आधी दोष तुलाच सापडला होता म्हणे!" होईलकर म्हणाला, नंतर बोलू. बायकोचाही फोन येऊन गेला. तो त्याने उचललाच नाही. तिला काय सांगायचं ते ठरत नव्हतं.

मग खिडकीतून ताईचा आवाज आला. ती कँटीनवाल्यांशी बोलत होती.

"नाही हो, आज नाही होणार. नाही... लाईट गेलेली नाही." बराच वेळ ती नुसती ऐकत होती. समोरचा बोलत असणार, भरपूर बोलत असणार. "आमच्याच घरची चूक आहे. दुसऱ्या कोणाची नाही. बरं. बरं, जशी तुमची मर्जी."

पुढे काही ऐकू आलं नाही. होईलकरने डोकं गुडघ्यांत घातलं. त्याच्या तोंडून निघालेल्या एका शब्दाची भरपाई ती आत उभी राहून करत होती, आणि त्याला आत जायची सोय नव्हती. असं लाजिरवाणं तर त्याला दुकान बंद झालं तेव्हाही वाटलं नव्हतं. आपण आता कसले इलेक्ट्रिशियन, आणि कसले भाऊ! उठून जावं म्हटलं तर आत ताई एकटी, बसावं म्हटलं तर पायरी टोचते.

उन्हं सरकून पायरीवर आली तेव्हा कडी वाजली. ताई बाहेर आली. डोळे लाल, पण तोंड धुतलेलं. हातात ताटली, ताटलीत केकचा मोठा तुकडा. मधे बसलेला, खड्डा पडलेला.

तिने ताटली त्याच्यापुढे धरली. "खा."

होईलकरने मुकाट्याने घेतली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. त्याने एक घास घेतला, दुसरा घेतला. ताई कमरेवर हात ठेवून समोर उभी.

"कसा झालाय?"

तिच्या हातच्या कुठल्याही पदार्थाला तो आजवर एकच शब्द म्हणत आला होता. खारट भाजीला, करपलेल्या भाताला, सगळ्याला. छान. तो शब्द आत्ताही ओठांपर्यंत आला. त्याने घास गिळला, मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"कच्चा आहे, ताई."

"मग खातोस कशाला, वेड्या?" ताई म्हणाली. आवाज फाटला तिचा. "पोट बिघडेल." आणि तिने ताटली त्याच्या हातातून काढून घेतली.